टी-मोबाइल जी१ : पहिल्या अँड्रॉइड फोनच्या आत काय होते आणि बाहेरून काय दिसले

अँड्रॉइड फोनच्या पडद्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवून ते खाली ओढले की आलेल्या सूचनांची यादी समोर येते. ही कृती आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुठल्या एका फोनापासून सुरू झाली असेल हे सहसा लक्षातही येत नाही. तो फोन म्हणजे २२ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत विक्रीला आलेला टी-मोबाइल जी१. तैवानच्या एचटीसी या कंपनीने तो बनवला होता आणि इतर काही देशांत तो एचटीसी ड्रीम या नावाने विकला गेला. सर्वसामान्य ग्राहकाला दुकानात विकत घेता येईल असा हा पहिला अँड्रॉइड फोन होता. परीक्षकांनी त्याच्याबद्दल साधारण एकच निष्कर्ष काढला : यंत्र म्हणून ओबडधोबड, प्रणाली (फोन चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) म्हणून आश्वासक. हा निष्कर्ष मला रास्त वाटतो. मात्र या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, हे त्या वेळच्या चर्चेत फारसे आले नाही. अनेक कंपन्यांच्या अनेक फोनांवर चालावी म्हणून आखलेली प्रणाली प्रत्यक्ष बाजारात उतरवण्यासाठी, त्या काळी हाताशी असलेल्या भागांतून हा फोन जुळवला गेला होता. त्याचे दोष आणि त्याचे गुण दोन्ही त्यातूनच आले, आणि ते कसे आले हे समजून घेण्यासाठी फोनच्या आत डोकावावे लागते.

अँड्रॉइड इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी ऑक्टोबर २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे अँडी रुबिन, रिच मायनर, निक सीअर्स आणि ख्रिस व्हाइट या चौघांनी स्थापन केली. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी एक हुशार प्रणाली तयार करावी, असा त्यांचा पहिला विचार होता. पण कॅमेऱ्यांच्या बाजारापेक्षा मोबाइलचा बाजार कितीतरी मोठा होणार हे ओळखून त्यांनी रोख बदलला. २००५ मध्ये गुगलने ही छोटी कंपनी विकत घेतली. गुगलचे सारे उत्पन्न लोक इंटरनेट वापरतात यावर उभे होते आणि इंटरनेट संगणकावरून मोबाइलवर सरकत असताना त्या मोबाइलचे दरवाजे नोकिया, मायक्रोसॉफ्ट किंवा दूरसंचार कंपन्या यांच्यापैकी कोणा एकाच्या हाती राहणे गुगलला परवडणारे नव्हते. म्हणून प्रणाली स्वतः बनवायची, ती कोणत्याही फोन उत्पादकाला विनामूल्य द्यायची आणि तिच्यावर आपल्या सेवा चालवायच्या, असे हे गणित होते. त्या काळी मायक्रोसॉफ्ट आपल्या विंडोज मोबाइल प्रणालीसाठी फोनमागे परवाना शुल्क घेत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे विनामूल्य प्रणालीचे आकर्षण उत्पादकांना किती असेल याचा अंदाज येतो.

रुबिन यांनी याआधी डेंजर नावाच्या कंपनीत हिपटॉप हा फोन घडवला होता. अमेरिकेत टी-मोबाइलनेच तो साइडकिक या नावाने विकला होता. पडदा फिरवला की खाली पूर्ण कीबोर्ड दिसावा आणि निरोप, पत्ते, मेल ही सगळी माहिती फोनात अडकून न राहता दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित असावी, या त्या फोनच्या दोन कल्पना पुढे जी१मध्ये जवळजवळ तशाच आल्या. पहिला अँड्रॉइड फोन टी-मोबाइलकडे जावा यात या जुन्या ओळखीचा वाटा होता. त्याखेरीज टी-मोबाइलची स्वतःची गरजही होती. अमेरिकेतील मोठ्या मोबाइल कंपन्यांत तिचा क्रमांक चौथा होता आणि आयफोन एटी अँड टी या प्रतिस्पर्धी कंपनीकडे एकहाती होता.

जानेवारी २००७ मध्ये आयफोनची घोषणा झाली तेव्हा अँड्रॉइडचा गट दोन फोनांवर काम करत होता. एकाचे नाव होते सूनर. त्याला टचस्क्रीन नव्हती आणि ब्लॅकबेरीसारखा कळफलक समोरच्या बाजूलाच होता. दुसरा होता ड्रीम, ज्याला टचस्क्रीन होती. आयफोन पाहिल्यावर सूनर बाजूला पडला आणि ड्रीमलाच पहिला फोन करायचे ठरले. ५ नोव्हेंबर २००७ रोजी ओपन हँडसेट अलायन्स या ३४ कंपन्यांच्या आघाडीची घोषणा झाली. तिच्यात एचटीसी, मोटोरोला, सॅमसंग, क्वालकॉम आणि टी-मोबाइल यांचा समावेश होता. त्या दिवशी दाखवायला फोन नव्हता, नुसती आघाडी होती. फोन यायला आणखी एक वर्ष लागले.

२३ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये जी१ जाहीर झाला आणि त्याची किंमत दोन वर्षांच्या करारासह १७९ डॉलर ठेवण्यात आली. ही किंमत भारतीय वाचकाला फसवी वाटू शकते, म्हणून तिचा अर्थ सांगायला हवा. अमेरिकेत त्या काळी मोबाइल कंपनी फोनचा बराचसा खर्च स्वतः उचलत असे आणि दोन वर्षांच्या मासिक बिलांतून तो वसूल करत असे. ग्राहक मध्येच सोडून जाऊ नये म्हणून फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असे. डिसेंबर २००८ मध्ये प्रोग्रामरांसाठी हाच फोन कुठल्याही बंधनाशिवाय मिळू लागला तेव्हा त्याला ३९९ डॉलर मोजावे लागत होते. फोनची खरी किंमत त्या आकड्याच्या जवळपास धरली पाहिजे.

आता प्रत्यक्ष फोन. ३.२ इंचांचा, ४८० गुणिले ३२० बिंदूंचा पडदा. त्याच्याखाली किंचित वर वळलेली एक हनुवटी, तिच्यावर फोन घेण्याची, ठेवण्याची, मुख्य पडद्यावर जाण्याची, मागे जाण्याची आणि मेनूची अशी बटणे, आणि मधोमध बोटाने फिरवता येणारा एक छोटा ट्रॅकबॉल. पडद्याच्या कडेला अंगठ्याने ढकलले की तो सरळ न सरकता एका हलक्या कमानीत फिरून बाजूला जाई आणि खाली पाच ओळींचा कीबोर्ड दिसे. यातली गैरसोय वापरायला घेतल्याबरोबर कळत असे. फोन आडवा धरला की ती हनुवटी उजव्या हाताकडे येई आणि उजव्या अंगठ्याला तिच्यावरून वळसा घालून अक्षरांपर्यंत पोचावे लागे. शिवाय पडद्यावर उमटणारा कीबोर्ड पहिल्या आवृत्तीत नव्हताच. त्यामुळे दोन अक्षरे टाइप करायची झाली तरी फोन आडवा करून उघडणे भाग होते. कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा होता, फ्लॅशशिवाय, आणि त्यावर व्हिडिओ घेता येत नव्हता. हेडफोनसाठी नेहमीची गोल खाच नव्हती. चार्जरच्याच खास आकाराच्या खाचेत अडॅप्टर लावून गाणी ऐकावी लागत, म्हणजे चार्जिंग आणि गाणी यांतले एकच काहीतरी निवडावे लागे. बॅटरी ११५० मिलिअँपिअर-तासांची होती. सतत मेल आणणाऱ्या, थ्रीजी आणि जीपीएस वापरणाऱ्या फोनला ती पुरेशी नव्हती आणि संध्याकाळपर्यंत चार्जर शोधावा लागतो ही तक्रार सार्वत्रिक होती.

आतील प्रोसेसर क्वालकॉमचा, ५२८ मेगाहर्ट्झ वेगाचा होता. काम करायची मेमरी, म्हणजे रॅम, १९२ मेगाबाइट होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी मोबाइल नेटवर्कचा भाग व चित्रे काढणारा भाग यांच्यासाठी राखलेली होती. उरलेल्या शंभरेक मेगाबाइटमध्ये प्रणालीसह सगळे अ‍ॅप बसवायचे होते. इथे अँड्रॉइडच्या कर्त्यांनी जे केले ते मला या फोनची सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. बाहेरून ते दिसत नव्हते, त्यामुळे त्याची दखल कमी घेतली गेली.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, यंत्राचे भाग कसे चालवायचे, हे तो पाहतो. त्याच्या वर अ‍ॅप चालवणारा एक थर असतो आणि जी१मध्ये त्याचे नाव डाल्विक होते. प्रोग्रामर अ‍ॅप जावा या भाषेत लिहीत. ते थेट एका विशिष्ट प्रोसेसरच्या भाषेत न बदलता एका मधल्या, आटोपशीर रूपात साठवले जाई आणि चालताना डाल्विक ते वाचून अमलात आणी. याचा लाभ असा की उद्या दुसऱ्या कंपनीने वेगळ्या प्रोसेसरचा फोन काढला तरी तेच अ‍ॅप तिथे चालेल. तोटा असा की दर वेळी वाचून अमलात आणण्यात वेळ जातो आणि जी१ अनेकदा अडखळत चाले त्यामागे हे एक कारण होते. मधल्या रूपाचे ऐनवेळी प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारी सुधारणा २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ सोबत आली.

मेमरीच्या टंचाईवर दोन उपाय योजले होते. फोन सुरू होताना प्रणाली एक मूळ प्रक्रिया तयार करी आणि सर्व अ‍ॅपना लागणारी सामायिक सामग्री तिच्यात एकदाच भरून ठेवी. त्यानंतर प्रत्येक नवे अ‍ॅप त्या प्रक्रियेची प्रत म्हणून जन्माला येई, पण ही प्रत खरोखर वेगळी जागा व्यापत नसे. जोवर अ‍ॅप त्यातले काही बदलत नाही तोवर सगळे तीच सामायिक मेमरी वाचत. दुसरा उपाय अधिक धाडसी होता. वापरकर्त्याने एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात गेल्यावर पहिले अ‍ॅप बंद केले जात नसे, ते मागे राही. मेमरी कमी पडू लागली की प्रणाली महत्त्वाच्या क्रमाने, सर्वांत कमी गरजेचे अ‍ॅप आधी, परस्पर काढून टाकी. जाण्यापूर्वी आपण कुठे होतो याची नोंद ठेवण्याची संधी प्रत्येक अ‍ॅपला दिलेली असे. त्यामुळे वापरकर्ता परत आला की ते पुन्हा सुरू होऊन त्याच ठिकाणी उभे राहावे, अशी अपेक्षा होती. सगळे प्रोग्रामर ही नोंद नीट ठेवत नसत, तेव्हा अर्धवट लिहिलेला मजकूर नाहीसा होई आणि वापरकर्ता फोनला दोष देई. तरीही एका बाजूला गाणी चालू, दुसरीकडे मेल येत आहेत आणि समोर नकाशा उघडा आहे, हे त्या काळच्या आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपना शक्य नव्हते. ती मुभा तिथे २०१० मध्ये मिळाली.

सुरक्षेची रचनाही याच थरांतून आली होती. लिनक्स मुळात एकाच संगणकावर अनेक माणसांनी काम करावे अशा बेताने बनलेले असल्याने एकाच्या फायली दुसऱ्याला उघडता येत नाहीत. अँड्रॉइडने माणसांच्या जागी अ‍ॅप ठेवले : प्रत्येक अ‍ॅप हा प्रणालीच्या दृष्टीने एक स्वतंत्र वापरकर्ता. चाळीतल्या खोल्यांसारखी ही व्यवस्था आहे, गॅलरी आणि नळ सामायिक, पण प्रत्येक खोलीला स्वतःचे कुलूप. एका खोलीत चोर शिरला तरी शेजारची खोली आपोआप उघडत नाही. याची परीक्षा फार लवकर झाली. फोन बाजारात येऊन काही दिवस होतात न होतात तोच चार्ली मिलर या सुरक्षा संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ब्राउझरमधली एक चूक शोधली. ती एका मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतून आली होती आणि मूळ ठिकाणी तेव्हा दुरुस्तही झालेली होती. त्या चुकीचा फायदा घेणाऱ्याला ब्राउझरमधली माहिती मिळू शकत होती. पण तिथून परस्पर फोन लावणे किंवा दुसऱ्या अ‍ॅपच्या माहितीपर्यंत जाणे त्याला शक्य नव्हते. चूक गंभीर होती आणि तिचे नुकसान त्या कुलपांमुळे मर्यादित राहिले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

दुसरी चूक मात्र कुठल्याही रचनेला न जुमानणारी होती. नोव्हेंबर २००८ मध्ये वापरकर्त्यांच्या ध्यानात आले की कीबोर्डवर ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टाइप करून एंटर दाबले की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मग तो शब्द मित्राला पाठवायच्या निरोपात का असेना. घडत होते ते असे : फोन सुरू होताना प्रणालीच्या तळाशी आज्ञा स्वीकारणारी एक खिडकी उघडली जात होती, जी पडद्यावर दिसत नसे, आणि कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ समोरच्या अ‍ॅपबरोबरच त्या खिडकीतही जात होती. त्या खिडकीला सर्वोच्च अधिकार होते, ज्याला लिनक्सच्या जगात रूट म्हणतात. म्हणजे वापरकर्ता आपल्या नकळत दिवसभर फोनच्या गाभ्याला आज्ञा देत होता आणि केवळ त्यातले बहुतेक शब्द आज्ञा म्हणून निरर्थक असल्यामुळे काही घडत नव्हते. विकसनाच्या काळातली सोय विक्रीच्या आवृत्तीत शिल्लक राहिली होती. गुगलने तातडीने नवी आवृत्ती पाठवून ती काढली. ही दुरुस्ती फोनवर हवेतून, कुठल्याही संगणकाला न जोडता पोचली. स्मार्टफोनची प्रणाली सुधारायची म्हणजे संगणकाला तार लावून बसायचे, अशी सवय असलेल्यांना ही गोष्ट नवी होती.

या चुकीला एक शेपूट आहे आणि त्यातूनच अँड्रॉइडच्या खुलेपणाचा खरा अर्थ उलगडतो. ज्यांना आपल्या फोनवर पूर्ण ताबा हवा होता त्यांनी त्याच खिडकीतून रूटचे अधिकार मिळवले. दुरुस्ती आल्यावर लोक मुद्दाम फोनवर जुनी, सदोष आवृत्ती पुन्हा चढवत, ताबा मिळवत आणि मग स्वतः बांधलेली नवी आवृत्ती बसवत. अशी आवृत्ती बांधता येत होती, कारण जी१ विक्रीला येण्याच्या आदल्या दिवशी, २१ ऑक्टोबर २००८ रोजी, अँड्रॉइडचा मूळ कोड सर्वांसाठी खुला करण्यात आला होता. स्टीव्ह कोंडिक या प्रोग्रामरने जी१साठी बांधलेली सायनोजेनमॉड ही आवृत्ती यांतली सर्वाधिक गाजलेली. सप्टेंबर २००९ मध्ये गुगलने त्याला कायदेशीर नोटीस पाठवली. तिचे कारण असे की तो आपल्या आवृत्तीसोबत जीमेल, मॅप्स, यूट्यूब आणि मार्केट (गुगलचे अ‍ॅपचे दुकान) हे अ‍ॅपही वाटत होता आणि ते खुल्या कोडचा भाग नव्हते. अँड्रॉइड कोणीही घ्यावे, बदलावे आणि विकावे, पण गुगलच्या सेवा हव्या असतील तर गुगलशी वेगळा करार करावा, ही सीमारेषा सामान्य वापरकर्त्यांना तेव्हा प्रथमच स्पष्ट दिसली. तोडगा असा निघाला की सायनोजेनमॉड त्या अ‍ॅपशिवाय द्यायचे आणि वापरकर्त्याने आपल्या फोनवरचे मूळ अ‍ॅप जपून ठेवून परत बसवायचे. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण आजही उत्पादक कंपन्या आणि गुगल यांच्यातले बहुतेक वाद याच रेषेवर होतात.

पुन्हा २००८च्या दुकानात जाऊ. जी१ हातात घेणाऱ्यांना सर्वांत आधी काय आवडले, तर सूचनांची ती पट्टी. त्या काळच्या आयफोनवर निरोप आला की पडद्याच्या मधोमध एक चौकट उभी राही आणि तिला उत्तर दिल्याशिवाय हातातले काम पुढे जात नसे. जी१वर वरच्या पट्टीत एक लहान चिन्ह येऊन थांबे. वाचणारा वाचत राही, खेळणारा खेळत राही आणि सवड झाली की बोटाने पट्टी खाली ओढून सगळे एकत्र पाही. आयफोनने अशी ओढायची यादी २०११ मध्ये आणली. दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे गुगल खात्याशी असलेली सांगड. सुरुवातीला एकदा खात्याचे नाव आणि पासवर्ड दिला की मेल, पत्ते आणि कॅलेंडर आपोआप उतरत आणि फोनवर केलेला बदल तिकडे पोचे. मेल आल्याआल्या मिळे. नकाशात स्ट्रीट व्ह्यू उघडून फोन हातात धरून गोल फिरले की आतल्या होकायंत्रामुळे रस्त्याचे चित्रही त्याच दिशेने फिरे. दुकानात दाखवायला याहून प्रभावी काही नव्हते.

याच सांगडीची दुसरी बाजू टीकाकारांनी दाखवली आणि ती योग्यच होती. गुगल खाते नसेल तर फोन सुरूच करता येत नव्हता. कार्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या मेलला सोय नव्हती, त्यामुळे नोकरदार वर्ग ब्लॅकबेरी सोडून इकडे येण्याचे कारण नव्हते. दोन बोटांनी चित्र मोठे करता येत नव्हते, जरी पडद्याला दोन बोटांचा स्पर्श काही प्रमाणात कळतो हे प्रोग्रामरांनी लवकरच दाखवून दिले. टी-मोबाइलचे थ्रीजी जाळे तेव्हा मोजक्या शहरांतच पोचले होते आणि इंटरनेटवर जगणाऱ्या फोनला त्याबाहेर धापा टाकाव्या लागत. कंपनीने आधी महिन्याला १ गिगाबाइटनंतर वेग एकदम उतरवण्याची अट घातली होती, ती ओरड झाल्यावर लगेच मागे घेतली.

अँड्रॉइड मार्केट फोनसोबतच उघडले तेव्हा तिथे सुमारे ५० अ‍ॅप होते आणि सगळे विनामूल्य. पैसे घेऊन अ‍ॅप विकण्याची सोय फेब्रुवारी २००९ मध्ये आली. संख्या लहान असली तरी नियम वेगळे होते. अ‍ॅपलच्या दुकानात प्रत्येक अ‍ॅप आधी तपासून मंजूर होई. इथे २५ डॉलर नोंदणी शुल्क भरलेला कोणीही प्रोग्रामर आपले अ‍ॅप थेट ठेवू शकत होता आणि बसवण्यापूर्वी ते अ‍ॅप काय काय पाहू इच्छिते याची यादी वापरकर्त्याला दाखवली जाई. गुगलने प्रोग्रामरांना ओढण्यासाठी १ कोटी डॉलर बक्षिसांची स्पर्धाही लावली होती. तिच्यातून वस्तूवरील बारकोड कॅमेऱ्याने वाचून इतर दुकानांतले भाव दाखवणारे अ‍ॅप पुढे आले आणि त्यांची बरीच वाहवा झाली. पूर्वपरवानगी नसलेल्या दुकानात फसवी अ‍ॅप शिरणार हे उघड होते आणि पुढे तसे झालेही. परवानग्यांची लांबलचक यादी वाचून निर्णय घेणे सामान्य माणसाला जमत नाही, हेही अनुभवाने दिसले.

अ‍ॅप वाढू लागले तसा जी१चा सर्वांत मोठा अडथळा समोर आला. आतील साठवण २५६ मेगाबाइट होती आणि त्यातली अ‍ॅपसाठी साधारण ७० मेगाबाइटच उरत. मेमरी कार्ड होते, पण त्यावर फक्त गाणी आणि फोटो ठेवता येत. अ‍ॅप कार्डवर ठेवायची सोय अधिकृतपणे अँड्रॉइड २.२ मध्ये आली. जी१ला मिळालेली शेवटची अधिकृत आवृत्ती १.६ होती, २००९च्या शरद ऋतूतली. त्याआधी एप्रिल २००९ मध्ये आलेल्या १.५ आवृत्तीने पडद्यावरचा कीबोर्ड आणि व्हिडिओ घेण्याची सोय दिली होती. म्हणजे विकत घेतलेला फोन सहा महिन्यांनी आधीपेक्षा अधिक कामाचा झाला होता. पण प्रत्येक आवृत्तीगणिक प्रणाली स्वतःच फुगत गेली आणि आत जागा उरली नाही. सायनोजेनमॉडच्या गटाने याच फोनवर २.२ चालवून दाखवले ते अनेक कसरती करून. दोन वर्षांचा करार संपण्याच्या आत फोन मागे पडला, ही त्या वेळच्या ग्राहकांची नाराजी मला पूर्ण समर्थनीय वाटते.

एप्रिल २००९ मध्ये टी-मोबाइलने अमेरिकेत १० लाख जी१ विकले गेल्याचे जाहीर केले. आयफोन थ्रीजी पहिल्या तीन दिवसांत १० लाख विकला गेला होता, ही तुलना तेव्हा वारंवार केली गेली. ती करताना आयफोन एकाच वेळी २१ देशांत उतरला होता आणि जी१चा हा आकडा एका देशातल्या चौथ्या क्रमांकाच्या कंपनीचा होता, हे विसरले जाई. खरी कलाटणी नोव्हेंबर २००९ मध्ये अँड्रॉइड २.० घेऊन आलेल्या मोटोरोला ड्रॉइडने दिली. त्यामागे व्हेरायझन या अमेरिकी मोबाइल कंपनीचे मोठे जाळे आणि जाहिरातीचा जोर होता. कॅनालिस या संस्थेच्या मोजणीनुसार २०१०च्या शेवटच्या तिमाहीत अँड्रॉइडने जागतिक विक्रीत नोकियाच्या सिम्बियन प्रणालीला मागे टाकले.

भारतात जी१ आलाच नाही. इथला पहिला अँड्रॉइड फोन म्हणजे २००९च्या मध्यावर एअरटेलने आणलेला एचटीसी मॅजिक, आतून बव्हंशी जी१च, पण सरकता कीबोर्ड काढून टाकलेला. पडद्यावरचा कीबोर्ड १.५ आवृत्तीत आल्यामुळेच तो शक्य झाला होता. किंमत २९,९०० रुपये होती, कारण आपल्याकडे करार करून फोन स्वस्तात देण्याची रीत रुजलेली नव्हती. खासगी कंपन्यांसाठी थ्रीजीचा लिलाव व्हायलाही २०१० उजाडावे लागले. त्यामुळे सतत जोडलेले राहण्यावर उभा असलेला हा फोन इथे टूजीच्या मंद वेगावर चालत होता.

मराठी वाचकासाठी आणखी एक अडचण होती. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची अक्षरेच नव्हती. मराठी बातमी किंवा मेल उघडली की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या दिसत. रूट केलेल्या फोनवर लोक देवनागरी फाँटची फाइल प्रणालीत स्वतः टाकत, पण त्याने अर्धेच काम होई. अक्षरे एकामागून एक दाखवणे वेगळे आणि त्यांची योग्य जुळणी करणे वेगळे. ऱ्हस्व वेलांटी मजकुरात व्यंजनानंतर साठवलेली असते, दाखवताना ती त्याच्या आधी काढावी लागते, आणि जोडाक्षरासाठी दोन अक्षरांचे एक रूप निवडावे लागते. ही जुळणी करणारा भाग प्रणालीत नसल्यामुळे ‘मराठी’सारखा शब्द वाचता येई, पण ‘स्थिती’चे तुकडे होत. ओपेरा मिनी या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अवघड लिप्या चित्ररूपाने मागवण्याची सोय चालू केली की मजकूर सर्व्हरवर जुळवून चित्र म्हणून येई आणि नीट वाचता येई. अनेकांनी मराठी संकेतस्थळे फोनवर प्रथम वाचली ती याच वाटेने. प्रणालीच्या आतच देवनागरी नीट दिसू लागली ती २०११च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ४.० मध्ये आणि फोनचे मेनू मराठीत निवडण्याची सोय २०१४च्या अँड्रॉइड ५.० सोबत मिळाली.